आधी लाथ, मग नमस्कार

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं मागे राहिलं आणि पाय पुढे आले. सुईणीच्या हातात आधी माझी टाचच आली, तेव्हा ती म्हणाली होती, "ही बया दारातूनच लाथ मारत आली." हे मला आत्याने सांगितलं. पुढचं जे सांगते आहे त्यातलंही अर्धं आत्याचं आणि अर्धं माझं आहे. कुठलं कुणाचं ते आता मलाही सांगता यायचं नाही.

पायाळू माणसाची आमच्याकडे एक किंमत असते. कुणाच्या पाठीत उसण भरली, म्हणजे वाकताना एकदम चमक निघून माणूस तसाच अडकून बसला, की पायाळू माणसाने त्याच्या पाठीवर लाथ मारायची. उसण पळते. पळते की नाही ते देव जाणे, पण तेव्हाचं सगळं ठाणं असं मानत होतं, आणि आमच्या आळीत पायाळू मी एकटीच. त्यामुळे वयाच्या तिसऱ्या वर्षापासून मला लाथ मारायला बोलावणी येत.

पहिली लाथ आजोबांना. आजोबा कोर्टात नाझर होते आणि पेन्शन घेऊन ओटीवरच्या बाकावर बसलेले असत. कोर्ट सुटलं होतं, पण त्यांच्यातून कोर्ट गेलं नव्हतं. घरात वाटी फुटली तरी ते दोन्ही बाजू ऐकून घेत. तर ते एकदा पाट उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. आईने मला उचलून त्यांच्या पाठीशी नेलं आणि म्हणाली, "मार बाई हळूच." मी मारली. आजोबा "आई गं" म्हणाले आणि सरळ झाले. मग आई म्हणाली, "आता नमस्कार कर, मोठ्यांना पाय लागला." मी केला. मग खडीसाखर मिळाली.

आता तुम्हीच सांगा, तीन वर्षांच्या पोरीने यातून काय शिकावं? लाथ, नमस्कार, खडीसाखर. मला वाटलं, मोठ्या माणसांशी वागायची रीत ही अशीच असते.

मग मी कुणी बोलावायची वाट बघेनाशी झाले. शेजारच्या काकू आमच्या ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांच्या पाठीत काहीही भरलेलं नव्हतं. मी मागून जाऊन मारली, पुढे येऊन वाकून नमस्कार केला आणि हात पसरून उभी राहिले. काकू इतक्या चकित झाल्या की त्यांनी "औक्षवंत हो" म्हटलं. म्हणून झाल्यावर त्यांना राग आला. त्या आजोबांकडे गेल्या.

आजोबांनी मला समोर उभं केलं.

"लाथ मारलीस?"

"मारली."

"नमस्कार केला होता का?"

"केला."

आजोबा काकूंकडे वळले. "तुम्ही आशीर्वाद दिलात?"

"दिला हो, तोंडातून गेला."

"मग आता तक्रार कसली? आशीर्वाद देऊन वर फिर्याद चालत नाही."

काकू पुटपुटत गेल्या आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कायदा झाला: नमस्कार केला की लाथ माफ. आजोबा हा कायदा गमतीने बोलले होते असं आत्या म्हणते. मी काही गंमत म्हणून घेतला नाही. मी तो मनापासून पाळला. काकूंची एक मुलगी होती, माझ्याहून वर्षाने मोठी, फार शहाणी. तिला सांगितलं बस की ती बसायची आणि ऊठ म्हणेपर्यंत उठायची नाही. लोक म्हणत, एकीच्या अंगात ताक आणि एकीच्या अंगात ठसका. तर त्या ताकाला माझ्या लाथा सगळ्यात जास्त बसल्या आणि नमस्कारही तिलाच सगळ्यात जास्त मिळाले. देवी असती तर पावली असती.

यातून माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट पक्की झाली, ती अशी, की जिथे नमस्कार दिसतो तिथे आधी लाथ पडलेली असणार. तळ्याकाठच्या देवळात गेले की मला धडकी भरायची. एवढी माणसं देवापुढे आडवी पडताहेत, म्हणजे त्या बिचाऱ्याला सकाळपासून किती लाथा बसल्या असतील. आजोबा रोज सूर्याला बारा नमस्कार घालत. मी अंगणात उभी राहून मोजमाप करी, की आजोबांचा पाय तिथवर पोचला कसा, आणि तोही बारा वेळा. माझी आत्या कल्याणला दिलेली. ती माहेरी आली की ठाण्याच्या स्टेशनात उतरून आधी इंजिनाला हात जोडायची. मी तिला विचारलं, "तू कुठे मारलीस गं? चाकाला?" आत्या म्हणाली, "काय मारलं?" मी म्हटलं, "जाऊ दे, नमस्कार केलास ना." आणि तिला सोडून दिलं.

आमच्याकडे आठवड्याला एक मिठवाली येई. खाडीकाठच्या मिठागरांवर तिचं सगळं घर राबायचं आणि ती टोपली डोक्यावर घेऊन आळीत मीठ विकायची. उंच, काळीभोर, आणि पाय असे की भेगांत माझं बोट जावं. तिलाही मी एकदा मारली, पोटरीला, आणि रीतीप्रमाणे तिच्या पायावर डोकं ठेवलं. ती घाबरून मागे सरली.

"आगो बाय माजे, बामनाची पोर तू, माज्या पाया नको पडू. मना पाप लागल."

आणि पाप फिटावं म्हणून तीच माझ्यापुढे वाकली. आता माझ्या हिशेबाने तिने नमस्कार केला म्हणजे तिची एक लाथ माझ्याकडे जमा झाली. ती मारेना म्हणून मी पुन्हा वाकले. ती म्हणाली, "नको गो", आणि ती पुन्हा वाकली. असं आमचं अंगणात बराच वेळ चाललं. आजोबा बाकावरून बघत होते. शेवटी ते म्हणाले, "दोघी एकदम थांबा." तेव्हा कुठे मीठ मोजून झालं.

कहर झाला तो भटजींच्या वेळी. तोवर मला सुचलं होतं की नमस्कार आधी करून ठेवला तर मागून वेळ जात नाही. भटजी दारात आले, मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोळे मिटून आशीर्वाद द्यायला सुरुवात केली आणि संस्कृत संपायच्या आत मी त्यांच्या नडगीवर मारली. त्या दिवसापासून आळीत असं झालं की मी कुणापुढे वाकले की ते माणूस पळत सुटे. आजोबांनी या खटल्याला दोन दिवस घेतले आणि निकाल दिला की गुन्ह्याच्या आधी माफी कुठल्याही कोर्टात मिळत नाही. पण आधी करून ठेवलेल्या नमस्कारांचं काय, ते मागे घ्यायचे का, हा मुद्दा त्यांनी पुढच्या तारखेवर टाकला.

याच दिवसांत आईचे दिवस भरत आले होते. आत्या मदतीला कल्याणहून आली होती. तिने मला कबूल केलं होतं की बाळ झालं की बारशाला पाळण्याखाली मी बसायचं. बारशाला बाळाला पाळण्याच्या वरून एक बाई देते आणि खालून दुसरी घेते, गाणं म्हणत, असं तीनदा. आमचा पाळणा ठेंगणा होता. त्याखाली मोठी बाई मावणं अवघडच. मावेल अशी मी होते. मी रोज पाळण्याखाली जाऊन बसून बघायची, डोकं कुठे लागतं, हात कुठवर पोचतात. रिकाम्या पाळण्याखाली बसून मी उशी घेतली, पाट घेतला, एकदा तर शेजारच्यांचं मांजर घेतलं. त्याने ओरबाडलं. त्यालाही मी पुढे सगळं रीतसर केलं.

बाळ झालं. मुलगा. आई बाळंतिणीच्या खोलीत गेली ती दिसेनाशीच झाली. दाराला घोंगडी, आत शेगडीचा नि ओव्याचा धूर, आणि दहा दिवस सोयर, शिवायचं नाही. मी घोंगडीपाशी बसून राही. आतून बाळ रडे आणि आई त्याला "ओ ओ" करी. तो आवाज पूर्वी माझा होता. पहिल्याच दिवशी मी घोंगडीला सात लाथा मारल्या.

आजोबांनी हाक मारली. मी घोंगडीला नमस्कार करायला हात जोडले, तर ते म्हणाले, "थांब. घरात सोयर आहे. सोयरात नमस्कार करायचा नसतो."

"मग?"

"मग काय. नमस्कार बंद, म्हणजे लाथ बंद. माफी मिळायची सोयच नाही. आणि नीट ऐक. बारशापर्यंत एक जरी लाथ पडली तर पाळण्याखाली तू नाहीस. शेजारची बसेल."

शेजारची म्हणजे ते ताक. माझं तोंड वाकडं झालं पण मी हो म्हटलं. दहा-बारा दिवस म्हणजे किती ते मला कळत नव्हतं. आत्याने माझ्या पायांत घुंगरांचे वाळे घातले, पाय उचलला की कळावं म्हणून. त्यामुळे झालं एवढंच की मी साधी पाणी प्यायला निघाले तरी घरभर माणसं भिंतीला चिकटून उभी राहात.

पण खरं सांगते, मी पाळलं. ओटीवर मांडी घालून पायांवर बसून राहायची. पाय मरून जायचे, मुंग्या यायच्या, पण मी त्यांना बाहेर काढायची नाही. नऊ दिवस निघाले.

दहाव्या दिवशी मिठवाली आली. ती अंगणात टोपली उतरवायला खाली बसत होती, आणि तेवढ्यात शेजारची शहाणी ओटीशी आली. तिने काही वाईट म्हटलं नाही. ती इतकंच म्हणाली, "आई म्हणते, मला परवा वेणीत अबोली घालणार आहे. पाळण्याखाली बसायचं झालं तर असावी म्हणून."

माझा पाय मला न विचारता गेला. शहाणी होती ती, बाजूला सरली. पाय गेला तो मिठवालीच्या गुडघ्यावर, आणि टोपली कलंडून सगळं मीठ अंगणात.

घुंगरं वाजली ती वाजलीच. आजोबा उठून उभे राहिले. आत्या आतून आली आणि तिने तोंडावर हात ठेवला, लाथेसाठी नव्हे, मिठासाठी. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं हे आळीतल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. मला तर आत्यानेच सांगितलं होतं.

मी हात जोडायला गेले आणि आठवलं, सोयर. नमस्कार बंद. मग माझ्यापुढे एकच वाट उरली. मेल्यावर करायचंच आहे तर आताच करून मोकळं व्हावं. मी अंगणात पालथी पडले, गाल जमिनीला लावला आणि पापणीने मीठ वेचायला लागले.

एक खडा निघाला. दुसरा डोळ्यात गेला. मग तिसराही. मी बोंब ठोकली. आत्या म्हणाली, "ऊठ गं, वेडे", आजोबा म्हणाले, "पाणी आणा", काकू त्यांच्या ओटीवरून म्हणाल्या, "मी म्हणतच होते." मिठवाली गुडघा धरून बसली होती, ती तशीच सरकत आली, तिने माझी हनुवटी धरून वर केली, पदराने डोळा पुसला आणि विचारलं, "दुखतंय का गो?"

मला हे कुणी आजवर विचारलंच नव्हतं. मी पडले तर "काही नाही, उंदीर पळाला" म्हणत. रडले तर "झालं, झालं" म्हणत. मी "हो" म्हटलं. मग तिच्या हातावर माझी नजर गेली, दुसरा हात अजून गुडघ्यावर होता. म्हणून मी तिला विचारलं, "तुला दुखलं का?"

आजवर मी ज्यांना मारलं ते सगळे नमस्कारानंतर म्हणत, "असू दे, लहान आहे." ही बाई म्हणाली, "हां गो. दुखला. बेस दुखला."

आता हसाल तुम्ही, पण लाथ मारली की दुखतं, हे मला तेव्हा कळलं. मला वाटायचं, लाथेने दुखणं जातं. तेवढ्यासाठीच तर मला बोलावत होते.

आजोबांनी तिथेच चौकशी केली. "नमस्कार केलास का?"

"नाही. विचारलं."

"काय विचारलंस?"

"दुखलं का म्हणून."

"आणि?"

"दुखलं म्हणाली."

विचारण्याला कायद्यात जागा नव्हती. मग आजोबा म्हणाले, "लाथ सिद्ध झाली. पाळण्याखाली शेजारची." मिठवालीने तोंड घातलं, "नाना, पोर हाय. घेऊ द्या की तिच्या भावाला." आजोबा म्हणाले, "बाई, तू फिर्यादी आहेस. फिर्यादीने आरोपीची बाजू घ्यायची नसते." ती मिठाची माती झटकत बसली. मी तिच्याबरोबर वेचलं, हातांनी. तिने जाताना आत्याला सांगितलं की मेल्यावर माझ्या वाटचं ती वेचून टाकील, तिला मिठाची सवय आहे.

बारसं झालं ते असं. ओटीवर बायकाच बायका. पाळण्याखाली शहाणी, वेणीत अबोली. मी भिंतीशी उभी. पाय पुन्हा आपला आपण जाईल म्हणून मी तो मागून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. एका पायावर. बगळा बरा. आत्याने वरून बाळ दिलं, शहाणीने खालून घेतलं, तीनदा, जराही चूक नाही. आई पाटावर बसली होती, वाळलेली, कानाला फडकं बांधलेली. ती माझ्याकडे बघत होती. मी बाळाकडे बघत होते, पण चोरून.

मग नाव ठेवायचं. आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि रीतीप्रमाणे बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. हे धपाटे हलके घालायचे असतात. पण आत्याने वर्षभर कल्याणहून येऊन येऊन सगळ्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवलेली होती. काकूंनी तर पदर खोचून घातला. तो बसला आणि आत्या "कुर्र" म्हणाली ती तिथेच थांबली. ती पाळण्यावर वाकलेली, तोंड बाळाच्या कानाशी, आणि ती हलेना.

"काय गं?" कुणीतरी म्हणालं.

पाळण्यातून आवाज आला, "उसण."

सगळ्या ओटीने एकदम माझ्याकडे बघितलं. आजोबाही दारातून पुढे आले. मी पाय घट्ट धरला.

"चल बाळ," आजोबा म्हणाले. "आत्याला मार."

"नाही."

"मी सांगतो ना."

"तुम्ही बंद केली."

"मी उघडतो."

"लाथेने दुखतं. मिठवालीला दुखलं."

"अगं, ही लाथ वेगळी."

"पाय तोच आहे," मी म्हटलं.

काकू म्हणाल्या, "नाझरांची नात शोभते." आत्या पाळण्यातून म्हणाली, "वाद नंतर घाला, मी इथे आहे." मग मी पाय सोडून लंगडत पुढे गेले. बायकांची भिंत होती म्हणून पाळण्याखालून गेले, शहाणीच्या शेजारून, आणि पलीकडे आत्याच्या तोंडासमोर निघाले. तिचं तोंड, बाळाचा कान आणि माझं नाक, सगळं एका जागी.

"आत्या, दुखतंय का?"

"दुखतंय गं बाई," आत्या म्हणाली. "फार दुखतंय." आणि ते सगळं बाळाच्या कानात गेलं.

मी म्हटलं, "मारली तर आणखी दुखेल."

"दुखू दे. मार."

मी मागून गेले. मारली नाही. पाय ठेवला, नुसता, तोही मुंग्या आलेला, मला तो तिथे आहे की नाही तेही कळत नव्हतं. घुंगरू एकदा वाजलं. आत्या हसायला लागली, कारण तिला गुदगुल्या झाल्या, आणि हसता हसता सरळ झाली.

या धांदलीत शहाणीने पाळण्याखालून बाहेर येऊन काकूंच्या कुशीत तोंड लपवलं. एवढे धपाटे बघून ती बिचारी हादरून गेली होती, आणि पुन्हा खाली जायला तयार होईना. पहिल्यांदाच तिने कुणाचं ऐकलं नाही. आणि भटजी, तेच नडगीवाले, सुरक्षित अंतरावरून म्हणाले की बाळाच्या कानात तीनदा शब्द गेला तो 'दुखतंय', तेव्हा नाव ते पडलं. बदलायचं तर सगळं पहिल्यापासून, पाळण्याच्या वरखालीसकट.

आजोबांनी खालची मोकळी जागा बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता विचारतील, नमस्कार केला होता का. मी केला नव्हता. ते म्हणाले, "जा, बस. कुणीतरी बसायला हवं."

मी बसले. वरून काकूंनी दिलं, कारण आत्या आता कशावरच वाकायला तयार नव्हती. बाळ उशीपेक्षा जड होतं, पाटापेक्षा मऊ आणि मांजरापेक्षा कितीतरी गरीब. त्याने त्याचा पाय दुपट्यातून काढला आणि माझ्या हनुवटीवर मारला. कुणी त्याला नमस्कार करायला सांगितलं नाही. मी वाट बघितली. मग मीच सांगितलं, "दुखलं नाही हं."

नंतर त्याला चांगलं नाव ठेवलं, ते इथे लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. पण पहिलं नाव काही त्याच्या कानातून निघालं नाही. लहानपणी पोट, मग दात, मग ऐन मुंजीत कान, आता म्हातारपणी गुडघे, जन्मभर याचं काही ना काही दुखतंच आहे. घरातले सगळे त्याचा दोष माझ्यावर ठेवतात. मला तो मान्य आहे. अजून तो येऊन माझ्या ओटीवर कण्हत बसतो. सुना म्हणतात, "काही नाही हो, वय झालं." मी हातातलं काम ठेवते आणि त्याला विचारते, "दुखतंय का रे?"

"हो," तो म्हणतो, आणि मग बराच वेळ बरा असतो.